मास्तरचं बारावं अक्षर

माणसाला एकच अक्षर असतं, अशी माझी समजूत होती. मास्तरला अकरा होती. पुढं एक बारावं आलं, आणि त्यानं आमचं सगळ्यांचं वाटोळं केलं.

माझं ट्रकच्या ब्रेकचं गॅरेज आहे. होतं म्हणायला हवं, पण अजून जीभ वळत नाही. गॅरेजच्या डोक्यावर एक खोली, बाहेरून लोखंडी जिना, आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर मास्तरच्या चपला. चपला दिसल्या की मास्तर आत आहे, एवढं लोकांना पुरायचं. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर बारा फायली. खिडकी माझ्या खड्ड्यावर उघडायची. मी खड्ड्यात उतरून गाडीच्या पोटाखाली उभा असलो की वरून हाक यायची, "ए ग्रीस!" माझं खरं नाव त्याला माहीत होतं, पण ते त्यानं कधी वापरलं नाही.

शाळेतला मास्तर तो कधीच नव्हता. बावीस वर्षं त्यानं ट्रक चालवला. मग डाव्या डोळ्याला कडेचं दिसेनासं झालं. ड्रायव्हरला दर काही वर्षांनी डॉक्टरचा दाखला लागतो, त्यासाठी हा गेला. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "काही त्रास?" दुसरा कोणी "काही नाही" म्हणून शिक्का घेऊन बाहेर पडला असता. हा शहाणा म्हणाला, "डावीकडून येणारी मोटारसायकल मला जरा उशिरा दिसते." झालं. लायसन गेलं. त्याच दिवशी त्याच रांगेतल्या एकाला दाराचा उंबरा दिसला नव्हता, ठेचकाळून पडता पडता वाचला होता. त्याला दाखला मिळाला.

ही गोष्ट मास्तरनं मला शंभरदा तरी सांगितली असेल. दर वेळी शेवटी म्हणायचा, "कागदाला काय हवं ते मी त्या दिवशी शिकलो, ग्रीस. जरा उशिरा शिकलो, एवढंच." मी हसायचो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे मला आता कळतंय.

तर हा माणूस कागदांचं काम करू लागला, आणि वस्ती त्याला मास्तर म्हणू लागली. आमच्या वस्तीतले ट्रकवाले म्हणजे एका गाडीचे, फार तर दोन गाड्यांचे धनी. मालक तोच, ड्रायव्हर तोच, पंक्चर झालं की जॅक लावणाराही तोच. मोठ्या कंपन्यांना कागदांसाठी अख्खा मजला असतो, यांच्याकडे सीटखाली एक पिशवी. पण नियम दोघांना सारखेच. गाडीचं फिटनेस, परमिट, विमा, धुराचा दाखला, ड्रायव्हरचा आरोग्याचा दाखला, किती तास चालवलं आणि किती तास झोपला त्याची नोंद. एकाची तारीख गेली तरी नाक्यावर गाडी उभी, आणि गाडी उभी म्हणजे चूल थंड. मास्तरच्या भिंतीवर एक मोठं कॅलेंडर होतं. त्यावर तो लिहायचा काही नाही, नुसते लाल ठिपके काढायचा. कुठला ठिपका कोणाचा, ते त्याच्या डोक्यात. ठिपक्याच्या आठ दिवस आधी त्या माणसाला फोन जायचा, "विमा संपतोय तुझा. बायकोचा वाढदिवस विसर, हा विसरू नकोस." त्याच्यामुळे कितीतरी चुली पेटत्या राहिल्या. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणी त्याला नुसता लबाड म्हणेल.

आता तक्त्याचं सांगतो.

नियम असा की रोज सकाळी गाडी हलवण्याआधी ड्रायव्हरनं तिच्याभोवती फिरून ब्रेक, टायर, दिवे, स्टिअरिंग, हॉर्न, आरसे तपासायचे आणि छापील तक्त्यावर खुणा करायच्या. काही बिघाड दिसला तर लिहायचा. तो दुरुस्त झाला की पुढच्या ओळीत तसं लिहून गॅरेजचा शिक्का घ्यायचा आणि खाली सही. नियम वाईट नाही. ज्यानं केला त्याला गाड्यांची माहिती असणार. पण पहाटे माल भरायला पळणारा माणूस खुणा करत बसत नाही. महिना संपला की आमचे अकरा धनी कोऱ्या तक्त्यांचे गठ्ठे मास्तरच्या टेबलावर टाकायचे आणि म्हणायचे, "तेवढं बघा."

मास्तर बघायचा. आणि काय बघायचा! एकाचं अक्षर उजवीकडे कललेलं, एकाचं डबक्यात बसल्यासारखं, एकजण आठाचा आकडा खालून वर काढायचा. ती सगळी त्याच्या बोटांत होती. अकरा पेनं टेबलाच्या कडेला ओळीनं टांगलेली. लिहून झालं की कागदाची चौघडी करून खुर्चीच्या गादीखाली ठेवायचा आणि दोन दिवस त्यावर बसायचा. मग खाली येऊन माझ्या ब्रेकच्या ड्रमवर अंगठा फिरवायचा आणि कागदाच्या कोपऱ्यात उमटवायचा. म्हणायचा, "आता हा कागद गाडीत राहून आलाय."

पण त्याचा खरा हातखंडा वेगळाच होता. महिनाभर गाडीला काही झालंच नाही, हे कुठल्या साहेबाला पटेल? म्हणून तो दर नऊ-दहा दिवसांनी एक बारीकसा बिघाड घालायचा. मागचा दिवा मंद. वायपरचं रबर फाटलं. आरशाचा नट सैल. आणि बिघाड लिहिला की पेन न उचलता पुढच्या ओळीत तीन शब्द: दुरुस्त केले, तपासले, ठीक. त्यावर माझ्या गॅरेजचा शिक्का.

हो, माझा शिक्का. त्याचे गुडघे दुखायचे, सारखा जिना उतरून यायचा आणि मी वैतागायचो. हात तेलात आणि हा दारात, "जरा शिक्का दे." शेवटी एक दिवस मी शिक्काच त्याच्या खणात नेऊन टाकला. दहा वर्षं तो तिथंच होता. संध्याकाळी मी विचारायचो, "मास्तर, आज मी किती गाड्या दुरुस्त केल्या?" तो मोजून सांगायचा, "चार. दमला असशील. बस, चहा सांगतो." आम्ही दोघं खो खो हसायचो. दहा वर्षं हसलो.

बारावी फाइल जावयाची. मास्तरला एकुलती एक लेक, आणि तिनं नवराही ट्रकवालाच केला. स्वतःची एक गाडी, स्वतःच चालवणारा. मास्तर त्याला "जावईबापू" म्हणायचा, म्हणून सगळी वस्ती जावईबापू म्हणायची. बुटका, सावकाश बोलणारा, आणि एका बाबतीत अगदी चक्रम. तो तक्ता स्वतः भरायचा. रोज. हातात लाकडी दांड्याची छोटी हातोडी घेऊन एकेक टायर वाजवत गाडीभोवती फिरायचा. गोणपाट अंथरून खाली शिरायचा आणि कान लावून पडायचा, ब्रेकची हवा कुठून सुटतेय का ते ऐकत. बाकीचे टवाळी करायचे. "काय जावईबापू, मुलगी बघायला आलात का? पसंत आहे का सांगा लवकर!" तो हसायचा आणि पुढचा टायर वाजवायचा. मग बॉनेटवर तक्ता ठेवून लिहायचा. अक्षर बारीक, डावीकडे झुकलेलं, आणि पेन असं दाबून की कागद उलटा केला तर मागून बोटाला शब्द लागावेत.

मास्तरला त्याचा अभिमानही होता आणि रागही. एकदा फळीकडे बोट करून मला म्हणाला, "बारा फायलींत एकच खरी आहे. तिला मी हात लावत नाही." तेव्हा त्याचा आवाज मला विचित्र वाटला होता.

मग ते पत्र आलं.

सोमवार होता. तपासणी कार्यालयाचं पत्र, सगळ्या लहान गाडीवाल्यांना एकच. मागच्या सहा महिन्यांचे तक्ते आणि नोंदी शुक्रवारी हजर करा, कागद अपुरे असतील त्याची गाडी जागेवर बंद. पलीकडच्या तळावर चार गाड्या बंद झाल्याची बातमी पत्राच्या आधीच पोचली होती. दुपारपर्यंत माझ्या जिन्यावर अकरा माणसं उभी होती, प्रत्येकाच्या हातात राहिलेल्या तक्त्यांचा गठ्ठा. कोणी टवाळी करत नव्हतं. जिना एवढ्या वजनानं कुरकुरत होता आणि मी खाली उभा राहून त्याच्या बोल्टांकडे बघत होतो. काहीतरी तुटणार असं मला सारखं वाटत होतं. मी मूर्ख, मला वाटलं जिना.

त्या आठवड्यात मास्तर माणसात नव्हता. सकाळी बसायचा तो दिवेलागणीला उठायचा. मध्येच गरम पाण्याच्या वाटीत बोटं बुडवून बसायचा. दर तासाला खिडकी उघडायची. "ए ग्रीस, क्लचप्लेट बदलायला किती दिवस दाखवू?" "ए ग्रीस, हॉर्न बिघडला तर त्याचा कुठला भाग लिहू?" मी पाचदा उत्तर दिलं, सहाव्यांदा शिवी दिली.

आणि त्याच आठवड्यात जावईबापू तापानं पडला होता. आठ दिवस अंथरुणात. गाडी उभी राहू नये म्हणून त्यानं ती बदली ड्रायव्हरकडे दिली. आम्ही त्याला लंबू म्हणायचो, एवढा उंच की केबिनमध्ये मान वाकडी करून बसायचा. लंबू गाडी नीट चालवायचा, पण पेन दिसलं की त्याला घाम फुटायचा. म्हणजे जावयाच्या फाइलमध्येही आठ तक्ते कोरे. त्यानं घरून फोन केला. मी तेव्हा वरच होतो, चहाला. मास्तरनं फोन स्पीकरवर करून टेबलावर ठेवला होता, त्यामुळे मला स्पष्ट ऐकू आलं. आवाज तापानं पातळ झालेला.

"बाबा, तेवढे तुम्ही भरून ठेवाल का? पण लंबूला विचारून हं. खरंच विचारून. उगाच दिवे-बिवे घालू नका माझ्या गाडीत."

"नाही घालत, जावईबापू. तुम्ही पडून राहा."

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो तर मास्तर खिडकीच्या काचेला जावयाचा जुना तक्ता लावून, त्यावर कोरा कागद धरून गिरवत होता. उजेड पाठीमागून येत होता आणि जावयाचे शब्द सासऱ्याच्या कागदातून वर येत होते.

"जमत नाही रे," तो म्हणाला. "फार दाबून लिहितो माझा जावई. बोटं भरून येतात."

मी म्हणालो, "त्याचं तरी सोड, मास्तर. ताप होता म्हणून सांगेल तो साहेबाला."

"शुक्रवार तोंडावर आहे, ग्रीस. साहेबाला ताप दाखवता येत नाही."

मी खाली कामाला गेलो. संध्याकाळपर्यंत त्याला ते अक्षर आलं. बारावं.

बुधवारी दुपारी लंबूनं गाडी आणून अंगणात लावली. मी खड्ड्यात होतो, दुसऱ्या एका ट्रकच्या मागच्या चाकाखाली. लंबू जिना अर्धा चढला आणि तिथूनच मास्तरशी बोलला. तो काय बोलला ते मला नंतर कळलं. "उतारावर हवेचा काटा खाली येतो, मास्तर. ब्रेक उशिरा धरतो. खाली दाखवा आणि मगच गाडी बाहेर काढा." एवढं बोलून किल्ली देऊन तो आपल्या घरी निघून गेला. त्याची काही चूक नाही. सांगायचं ते त्यानं सांगितलं होतं.

मास्तरनं कागद ओढला आणि जावयाच्या अक्षरात तो बिघाड लिहिला. त्या आठवड्यात त्यानं लिहिलेल्या शेकडो ओळींत तेवढी एक ओळ खरी होती. मग खिडकी उघडली.

"ए ग्रीस! जावयाच्या गाडीचे ब्रेक—"

माझ्या डोळ्यात तेल पडलं होतं. सकाळपासूनची ती विसावी हाक असेल. मी वर बघितलंही नाही. ओरडलो, "शिक्का तुझ्याच खणात आहे ना? मार आणि मोकळा हो! मला जगू दे!"

खिडकी बंद झाली.

तो पुन्हा का नाही ओरडला, हे मी त्याला पुष्कळ नंतर विचारलं. म्हणाला, "मी उठणारच होतो. खाली येणारच होतो. पण हात आधी लिहून गेला रे. बिघाड लिहिला की हात थांबत नाही माझा. शिक्का मारला, आणि मारल्यावर डोक्यातून गेलंच. संपलं काम, असं वाटलं." दहा वर्षं तो जे लिहायचा ते लिहिल्याबरोबर झालेलं असायचं. त्याच्या खोलीत काही बिघडलेलं राहतच नव्हतं. त्याचं म्हणणं मला समजलं, आणि समजलं म्हणून मला जास्तच राग आला, त्याचाही आणि माझाही.

गुरुवारी सकाळी जावईबापू आला. गालफडं बसलेली, शर्ट अंगावर सैल झालेला. मी शटर उघडत होतो. तो वर जाऊन तक्ता आणि किल्ली घेऊन आला, गाडीभोवती हातोडी घेऊन फिरला, गोणपाट टाकून खालीही शिरला. पण ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, आणि उभ्या गाडीत दाबाचा काटा भरलेलाच दिसतो. उतारावर पुन्हा पुन्हा ब्रेक दाबला की मगच चोरटी गळती कळते. ते त्यालाही माहीत होतं. पण कागदावर लिहिलेलं होतं, दुरुस्त केले, तपासले, ठीक, आणि त्यावर माझा शिक्का होता. सासरा वर, गॅरेज खाली, गाडी रात्रभर दोघांच्या मध्ये. दुसऱ्या कोणी असा कागद वाचला असता तर हसून खिशात कोंबला असता. सगळ्यांना माहीत होतं तक्ता म्हणजे काय असतो ते. त्यालाही माहीत होतं, पण ते दुसऱ्यांच्या कागदांपुरतं. त्याच्या फाइलमध्ये आजवर एकही खोटी ओळ आली नव्हती.

फाटकातून निघताना त्यानं खिडकीतून तो कागद हलवून दाखवला आणि छातीला हात लावला. मला वाटलं, बरा झालोय असं सांगतोय. मी पाना उंचावून दाखवला. तो माझे आभार मानत होता.

दहाच्या सुमाराला मास्तर चहाचे दोन कप घेऊन खाली आला. तक्ते संपले होते, चेहरा मोकळा होता. म्हणाला, "काल कधी केलेस रे ब्रेक? मला पत्ताच लागला नाही."

"कुठले ब्रेक?"

"जावयाच्या गाडीचे."

मी नकाराची मान हलवली. कपातला चहा त्याच्या हातावर सांडत होता आणि त्याला भाजत नव्हतं. "मी काल हाक मारली ना तुला," तो म्हणाला. "लंबूनं सांगितलं होतं. मी हाक मारली ना."

आम्ही फोन लावला. बंद. गाडी चालवताना फोन बंद ठेवावा असा एक नियम आहे, आणि तो पाळणारा आमच्या वस्तीत एकच होता.

माझी जुनी व्हॅन काढली. घाट चाळीस मिनिटांवर. मास्तर शेजारी बसून पुटपुटत होता. "नाक्यावर थांबतो तो. चहा घेतो तिथं. तिथं गाठू." नाक्यावर गाडी नव्हती. "तापातून उठलाय, सावकाश चालवत असेल. चढावर वेळ लागतो." चढ संपला. मी नुसता रस्ता बघत होतो. आयुष्यभर ब्रेकच केलेत मी. हवा गेलेली गाडी उतारावर कुठल्या वळणापर्यंत सांभाळता येते आणि कुठं नाही, याचा हिशोब माझ्या डोक्यात आपोआप चालला होता, आणि तो थांबवता येत नव्हता.

उतार लागला आणि गाड्यांची रांग दिसली. इंजिनं बंद, माणसं खाली उतरून खालच्या बाजूला बघत उभी. मी काच खाली केली. जळलेल्या ब्रेक लायनरचा वास आला. तो वास मला झोपेतही ओळखता येतो. मास्तरलाही येत होता. बावीस वर्षं चालवली होती त्यानं.

"दुसऱ्या कोणाची असेल," तो म्हणाला.

तिसऱ्या वळणावर कठडा उरला नव्हता. लोक सांगत होते, लांबून हॉर्न वाजवत आला, समोर गाड्या दिसल्या तेव्हा त्यानं स्वतःहून गाडी कठड्याकडे वळवली. एक बाई लेकराला कडेवर घेऊन सारखी तेच सांगत होती, येईल त्याला सांगत होती. मास्तरनं ते पूर्ण ऐकून घेतलं. मग रस्त्यात बसला, मांडी घालून, आपल्या खोलीत बसायचा तसा.

दोन आठवड्यांनी आम्हाला तपासणी कार्यालयात बोलावलं. लेक, मास्तर आणि मी. अधिकारी बाई होत्या, हळू बोलणाऱ्या, टेबल अगदी नीटनेटकं. गाडीच्या केबिनमधून निघालेला तो तक्ता त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला होता. शेजारी जावयाची फाइल. मधल्या दिवसांत मास्तर माझ्याशी चार शब्दही बोलला नव्हता. पण जिन्यावरून उतरताना म्हणाला होता, "मी सांगणार आहे, ग्रीस." सांगितलं तर त्याच्याबरोबर मीही जाणार होतो, आणि अकरा जणांच्या गाड्याही. दोघंतिघं आदल्या दिवशी मला भेटून गेले होते. गेलेला परत येणार आहे का, असं म्हणून गेले होते. त्यांना मी हाकलून दिलं नाही, हेही इथं लिहितो.

बाई म्हणाल्या, "फाइल फारच चांगली ठेवलेली आहे. म्हणूनच अडचण आहे. बिघाड नोंदवला, दुरुस्ती नोंदवली, गॅरेजचा शिक्का आहे. म्हणजे ब्रेक ठीक होते. मग चालकाचा हलगर्जीपणा धरावा लागेल." मग लेकीकडे वळल्या. "हे अक्षर तुमच्या मिस्टरांचंच ना?"

तिनं पिशवी हातात घेतली. उलटी केली आणि प्लास्टिकवरूनच मागच्या बाजूनं बोट फिरवलं.

"हो. त्यांचंच. असंच दाबून लिहायचे ते." ती माझ्याकडे बघायला लागली. "त्यांनी लिहिलंय दुरुस्त केलं, म्हणजे केलं असणारच. ते खोटं लिहायचे नाहीत. काका, तुम्ही केले होते ना ब्रेक? सांगा ना यांना."

"हो" म्हटलं असतं तर माझं गॅरेज राहत होतं, सगळ्यांच्या गाड्या राहत होत्या, आणि जावईबापू बेफिकीर ठरून कायमचा गेला असता.

"नाही," मी म्हणालो. "मी त्या गाडीला हात लावला नाही, पोरी. शिक्का माझा आहे. काम झालेलं नाही."

तिचा चेहरा बघवत नव्हता. "म्हणजे यांनी खोटं लिहिलं?"

"त्यानं नाही," मास्तर म्हणाला.

बाईंनी मान वर केली. त्यांना वाटलं म्हातारा दुःखात बोलतोय. समजुतीच्या आवाजात म्हणाल्या, "काका, अक्षर तर त्यांचं आहे. तुमच्या मुलीनंच ओळखलंय."

मास्तरनं हात पुढं केला. बाईंनी जरा थांबून पेन दिलं आणि एक कोरा कागद सरकवला. त्यानं कागद तिरका धरला, जावई धरायचा तसा. पेन दाबलं. बारीक, डावीकडे झुकलेली ओळ उमटली: दुरुस्त केले, तपासले, ठीक. त्याचा हात जरासुद्धा थरथरला नाही. मला वाटत होतं, एकदा तरी थरथरावा.

लेकीनं तो कागद उचलला, उलटा केला, आणि मागून बोट फिरवलं. फिरवत राहिली. नवऱ्याला जाऊन दोन आठवडे झाले होते आणि त्याचं अक्षर ओलं होतं. मला वाटलं ती किंचाळेल, बापाच्या अंगावर जाईल. तिनं कागद टेबलावर ठेवला आणि बोट पदराला पुसलं.

अधिकारी बाईंचा आवाजही आता बदलला होता. त्यांनी दुसरा कागद पुढं केला. "हे सगळं जबाबात लिहून द्या. स्वतःच्या अक्षरात लिहा, आणि खाली सही करा."

मास्तरनं लिहायला घेतलं. पहिले दोन शब्द उजवीकडे कलले. त्यानं खोडले. पुढचे बसके आले, डबक्यातल्यासारखे. तेही खोडले. तिसऱ्यांदा पेन टेकवलं आणि दाबून, बारीक, डावीकडे झुकत एक शब्द आला. लेकीनं मान फिरवली. मास्तरनं पेन उचललं आणि कागदाकडे बघत बसला. मग माझ्याकडे वळला. बावीस वर्षं रस्ता बघितलेले ते डोळे पहिल्यांदाच मला वाट हरवलेल्या माणसाचे वाटले.

"ग्रीस," तो म्हणाला, "माझं अक्षर कसं होतं रे?"

मी आठवू लागलो. कॅलेंडरवर नुसते ठिपके होते. फायलींवर दुसऱ्यांची नावं, दुसऱ्यांच्या वळणात. रोज त्याच्याबरोबर चहा प्यायलो होतो आणि त्याच्या हातची एक ओळ मी कधी पाहिली नव्हती. मी म्हणालो, "माहीत नाही, मास्तर. लिही तू, येईल तसं." आणि माझ्या जबाबाचा कागद मी पुढं ओढून घेतला.